एकुशे फेब्रुवारी

मंडळी, २७ फेब्रुवारीला आपण कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. शाळांतून ग्रंथदिंडी निघते, मुले भाषणे पाठ करतात, फळ्यावर रंगीत खडूने अक्षरे सजतात. त्याच्या सहा दिवस आधी, २१ फेब्रुवारीला, जागतिक मातृभाषा दिन असतो. त्याचेही संदेश आपण एकमेकांना पाठवतो. पण ही २१ तारीख कुठून आली असे विचारले तर पुष्कळांना सांगता येत नाही. ती कुणा कवीची जयंती नाही की पुण्यतिथी नाही. त्या दिवशी १९५२ साली ढाक्यात पोलिसांनी विद्यार्थ्यांवर गोळीबार केला होता. बंगालीत एकवीसला 'एकुशे' म्हणतात, आणि बांगलादेशात नुसते 'एकुशे' म्हटले तरी लहान पोरालाही कळते की कशाबद्दल बोलणे चालले आहे.

मी शाळेत वर्षानुवर्षे इतिहास आणि मराठी शिकवले. आमच्या वर्गात बांगलादेशाची गोष्ट १९७१ च्या युद्धापासून सुरू व्हायची आणि ढाक्याच्या शरणागतीपाशी संपायची. तिची सुरुवात वीस वर्षे आधीची आहे. निवृत्तीनंतर याबद्दल जे जे हाती लागले ते वाचत गेलो, आणि आपल्या घरातल्या मुलांना तरी हे माहीत असावे असे वाटले, म्हणून आज सविस्तर लिहितो आहे.

१९४७ मध्ये पाकिस्तान झाला तो दोन तुकड्यांत. मध्ये भारताची दीड हजार किलोमीटरहून अधिक भूमी. लोकसंख्या पूर्वेच्या तुकड्यात जास्त, राजधानी मात्र पश्चिमेला कराचीत. १९५१ च्या जनगणनेत सगळ्या पाकिस्तानात बंगाली बोलणारे सुमारे ५४ टक्के निघाले आणि उर्दू बोलणारे सुमारे ७ टक्के. तरीही राज्यकर्त्यांनी ठरवले की राष्ट्रभाषा एकच, उर्दू. त्यांचे म्हणणे असे की नवा देश एकत्र ठेवायचा तर भाषा एकच हवी, आणि ती मुसलमानांची ओळख सांगणारी हवी. गंमत अशी की उर्दू ही पाकिस्तानातल्या कुठल्याच प्रांताची बहुसंख्याकांची मातृभाषा नव्हती. पंजाबात पंजाबी, सिंधमध्ये सिंधी, सरहद्दीवर पश्तो.

हा नुसता अभिमानाचा प्रश्न असता तर कदाचित इतके पेटले नसते. नव्या देशाची नाणी, टपाल तिकिटे, मनिऑर्डरचे फॉर्म आले, त्यांवर उर्दू आणि इंग्रजी, बंगाली नाहीच. सरकारी नोकरीच्या परीक्षेच्या विषयांतूनही बंगाली वगळली गेली. म्हणजे ढाक्यात शिकणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाने नोकरीसाठी आधी परकी भाषा शिकायची आणि मग ती ज्यांची आहे त्यांच्याशी स्पर्धा करायची. विद्यार्थी यात सगळ्यांच्या पुढे का होते ते यावरून कळेल. पोटाचा आणि भाषेचा प्रश्न वेगळा नसतो, हे आपल्याला मराठी माध्यमात शिकलेल्यांना कुणी समजावून सांगायला नको.

फेब्रुवारी १९४८ मध्ये कराचीच्या संविधान सभेत धीरेंद्रनाथ दत्त नावाच्या कोमिल्लाच्या सभासदाने साधी दुरुस्ती मांडली की सभेत इंग्रजी आणि उर्दूबरोबर बंगालीही बोलायला परवानगी असावी. पंतप्रधान लियाकत अली खान यांनी कडाडून विरोध केला आणि दुरुस्ती फेटाळली गेली. पुढच्याच महिन्यात महंमद अली जिना ढाक्यात आले. २१ मार्चला रेसकोर्स मैदानावरच्या सभेत आणि २४ मार्चला विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात त्यांनी बजावले की राज्यभाषा उर्दूच होईल, दुसरी कोणतीही नाही. पदवीदानाच्या सभागृहात काही विद्यार्थ्यांनी 'नाही, नाही' असा आवाज दिला. देशाच्या संस्थापकासमोर, देश होऊन सात महिने झालेले असताना!

पुढची चार वर्षे हे धुमसत राहिले. २७ जानेवारी १९५२ ला तेव्हाचे पंतप्रधान ख्वाजा नझिमुद्दीन यांनी ढाक्याच्या पलटण मैदानावर तेच पुन्हा सांगितले. नझिमुद्दीन हे स्वतः ढाक्याच्या नवाबाच्या घराण्यातले, त्यामुळे लोकांना ते जास्त झोंबले. सर्व पक्षांची एक कृती समिती झाली आणि २१ फेब्रुवारीला प्रांतभर हरताळ ठरला. हा दिवस निवडण्याचे कारण म्हणजे त्या सुमारास प्रांतिक विधानसभेचे अंदाजपत्रकी अधिवेशन होते. आपले म्हणणे आमदारांच्या कानावर घालायचे, एवढाच बेत.

२० तारखेच्या संध्याकाळी सरकारने ढाक्यात १४४ कलम लावले. सभा बंद, मिरवणूक बंद. त्या रात्री कृती समितीची बैठक झाली आणि तिथे बहुमताने ठरले की जमावबंदी मोडायची नाही. वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना पुढच्या निवडणुकीची काळजी होती, दंगल झाली तर सरकारला निमित्त मिळेल अशी भीतीही होती. ती भीती अगदीच खोटी होती असे म्हणता येणार नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यापीठाच्या आवारातल्या आंब्याच्या झाडाखाली विद्यार्थी जमले, गाजीउल हक अध्यक्षस्थानी होते, आणि तिथे उलटा निर्णय झाला. जमावबंदी मोडायची, पण शिस्तीने. दहा-दहा जणांच्या तुकड्या करून फाटकाबाहेर पडायचे आणि पकडले गेले तर गाडीत बसायचे. आपल्याकडच्या सत्याग्रहाचीच ही रीत. त्या तुकड्यांत मुलीही होत्या. हलिमा खातून, रौशन आरा बच्चू ही नावे तिकडे आजही आदराने घेतली जातात.

पहिल्या तुकड्या पोलिसांनी पकडून गाड्यांत भरल्या. मग लाठीमार झाला, अश्रुधुराची नळकांडी फुटली, मुलांनी विटा-दगड फेकले. कुलगुरूंनी मध्ये पडून पाहिले, पण उपयोग झाला नाही. दुपारपर्यंत गर्दी वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहाकडे सरकली. वसतिगृह म्हणजे बांबूच्या भिंतींच्या बराकी. तिथून विधानसभा जवळ होती, जगन्नाथ हॉलमध्ये भरायची. मुले तिकडे जायला बघत होती, पोलीस अडवत होते. तीन वाजून गेल्यावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, आणि त्या वसतिगृहाच्या आवारात लागल्या.

रफीकउद्दीन अहमद हा माणिकगंजचा विद्यार्थी. गोळी डोक्याला लागली, जागच्या जागी गेला. अबुल बरकत हा ढाका विद्यापीठात राज्यशास्त्राचे एम.ए. करत होता. तो मूळचा मुर्शिदाबाद जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या आपल्या पश्चिम बंगालमधला. त्याच रात्री तो इस्पितळात वारला. अब्दुल जब्बार विद्यार्थी नव्हता. गफरगावचा खेड्यातला माणूस, सासूच्या कर्करोगाच्या उपचारासाठी इस्पितळात आला होता. अब्दुस सलाम सरकारी कचेरीत शिपाई होता. जखमी झाला आणि काही आठवड्यांनी गेला. दुसऱ्या दिवशी, २२ तारखेला, शोक करायला बाहेर पडलेल्या लोकांवरही गोळीबार झाला. त्यात हायकोर्टातला कर्मचारी शफीउर रहमान गेला. ओहिउल्ला नावाचा आठ-नऊ वर्षांचा मुलगाही गेला.

नेमके किती गेले हा आकडा कधीच ठरला नाही, आणि याचे कारण ऐकण्यासारखे आहे. इस्पितळातून प्रेते रात्री हलवली गेली आणि पोलिसांच्या पहाऱ्यात आझिमपूरच्या कब्रस्तानात दफन झाली. अंत्ययात्रेला गर्दी होऊ नये म्हणून. रफीकची कबर पुढे कुणाला ओळखून काढता आली नाही. लेकराचा जीव गेला तो गेलाच, वर त्याच्या आईबापांना माती द्यायचाही हक्क राहिला नाही.

गोळीबार झाला तेव्हा विधानसभेचे कामकाज चालू व्हायचे होते. मौलाना अब्दुर रशीद तर्कवागीश हे सत्ताधारी मुस्लिम लीगचेच आमदार. त्यांनी उभे राहून मुख्यमंत्री नुरुल अमीन यांना सांगितले की आधी इस्पितळात जाऊन मुलांना बघून या, मग सभा चालवा. मुख्यमंत्री गेले नाहीत, तर्कवागीश सभागृहाबाहेर पडले. दुसऱ्या दिवशी त्याच विधानसभेत ठराव झाला की बंगाली ही पाकिस्तानची एक राज्यभाषा व्हावी, आणि तो मांडला खुद्द नुरुल अमीन यांनी. म्हणजे आदल्या दिवशी जे ऐकायला मुले चालत येत होती, ते चोवीस तासांत सरकारनेच उच्चारले. मग गोळी कशासाठी झाडली होती? हा प्रश्न वाचताना माझ्या मनातून जात नाही.

२३ तारखेच्या रात्री वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी, इस्पितळाच्या बांधकामासाठी ठेवलेल्या विटा, वाळू आणि सिमेंट हातोहात आणून, गोळीबाराच्या जागी एक स्तंभ उभारला. दहा-साडेदहा फूट उंचीचा. बाहेर संचारबंदी होती. सकाळी लोकांनी पाहिले, आणि बायका-पुरुषांची रीघ लागली. शफीउरच्या वडिलांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. २६ तारखेला पोलिसांनी येऊन तो पाडून टाकला, विटासुद्धा उचलून नेल्या. माणसे गेली, त्यांच्या कबरी लपवल्या, आणि आठवणीचा खांबही तीन दिवसांच्या वर उभा राहू दिला नाही.

सरकारने चौकशी मात्र केली. ढाका हायकोर्टाचे न्यायमूर्ती एलिस यांची नेमणूक झाली. त्यांना विचारलेले प्रश्न दोनच होते. गोळीबार आवश्यक होता का, आणि त्या परिस्थितीत वापरलेले बळ योग्य होते का. जमावबंदी लावायची गरज होती का, मुलांना विधानसभेपर्यंत जाऊ का दिले नाही, प्रेते रात्री का पुरली, हे प्रश्न कागदावर नव्हतेच. चौकशी बंद दाराआड झाली, कृती समितीने तिच्यावर बहिष्कार घातला. मे १९५२ मध्ये अहवाल आला. दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'होय'. मी पेपर काढणारा मास्तर, त्यामुळे मला हे चांगले समजते. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याच्या हातात अर्धे उत्तर असते.

लोकांनी आपला निकाल दोन वर्षांनी दिला. १९५४ च्या प्रांतिक निवडणुकीत मुस्लिम लीगचा धुव्वा उडाला. २३७ मुस्लिम जागांपैकी दहाच्या आसपास जागा हाती लागल्या. मुख्यमंत्री नुरुल अमीन यांना एका विद्यार्थी पुढाऱ्याने पाडले. १९५६ च्या राज्यघटनेत उर्दूबरोबर बंगालीला राज्यभाषेचा दर्जा मिळाला. पक्का शहीद मिनार, हमीदुर रहमान आणि शिल्पकार नोवेरा अहमद यांच्या कल्पनेतला, १९६३ च्या २१ फेब्रुवारीला खुला झाला. उद्घाटनाला बरकतची आई हसीना बेगम यांना बोलावले होते. मार्च १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराने तोही उद्ध्वस्त केला. त्याच महिन्यात त्या वृद्ध धीरेंद्रनाथ दत्तांना मुलासह उचलून नेले आणि मारले. २३ वर्षांपूर्वीची एक दुरुस्ती कुणीतरी लक्षात ठेवली होती. मिनार नंतर पुन्हा बांधला गेला. १७ नोव्हेंबर १९९९ ला युनेस्कोने ही तारीख मातृभाषा दिन म्हणून जाहीर केली. दर वर्षी ढाक्यात लोक अनवाणी चालत तिथे फुले वाहायला जातात.

आता कुणी म्हणेल, हे पाकिस्तानचे, लष्करी वळणाच्या देशाचे. आपल्याकडे असे नाही. तर मंडळी, जरा मागे बघू या. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ लोक जमले ते विधिमंडळाकडेच निघाले होते, मागणी मराठी भाषकांच्या राज्याची होती, आणि जमावबंदी होती. गोळीबारात १५ जण गेले. जानेवारी १९५६ मध्ये त्याहून कितीतरी अधिक. त्यांत विद्यार्थी होते, गिरणी कामगार होते. आपण आज १०६ हुतात्म्यांना वंदन करतो. त्या गोळीबाराच्या न्यायालयीन चौकशीची मागणी मान्य झाली नाही. चिंतामणराव देशमुखांनी १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडताना लोकसभेत जी कारणे सांगितली त्यांत हेही एक होते. १९ मे १९६१ ला आसाममधल्या सिलचर स्टेशनवर बंगाली भाषेसाठी सत्याग्रहाला बसलेल्यांवर गोळ्या झाडल्या, ११ जण गेले. त्यांतली कमला भट्टाचार्य सोळा वर्षांची, नुकतीच मॅट्रिकच्या परीक्षेला बसलेली.

ढाका, मुंबई, सिलचर. दोन देश, तीन सरकारे, एकच रीत. यात नवल नाही, कारण पुस्तक एकच होते. १४४ कलम इंग्रजांच्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया कायद्यातले. फाळणीत टेबल-खुर्च्या वाटल्या गेल्या, हे कलम मात्र दोघांनी पुरेपूर ठेवून घेतले. आपण १९७३ मध्ये नवा कायदा केला तेव्हा आकडासुद्धा तोच राहिला. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत तो १६३ झाला, एवढाच फरक. परक्या राजाला प्रजेची मिरवणूक दिसली की धोका दिसायचा, ते एकवेळ समजू शकते. आपल्याच मुलांची मिरवणूक पाहून आपल्याच राज्यकर्त्यांना तेच दिसावे, हे समजायला जड जाते.

आणि या गोष्टीतला सगळ्यात टोचणारा भाग अलीकडचा आहे. जुलै २०२४ मध्ये बांगलादेशात सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणावरून विद्यार्थी रस्त्यावर आले. पंतप्रधान होत्या शेख हसीना. त्यांचे वडील शेख मुजीब यांनी फेब्रुवारी १९५२ मध्ये तुरुंगात उपोषण केले होते. त्यांच्या पक्षाची सारी पुण्याई भाषा आंदोलनातून आलेली. दर एकुशेला मिनारावर फुले वाहणारे हे सरकार. १६ जुलैला रंगपूरमध्ये अबू सईद नावाचा इंग्रजीचा विद्यार्थी दोन्ही हात पसरून पोलिसांसमोर उभा राहिला आणि त्याला गोळ्या घातल्या. चित्रफीत साऱ्या जगाने पाहिली. पोलिसांच्या फिर्यादीत मात्र लिहिले होते की आंदोलकांनी चोहोबाजूंनी गोळ्या झाडल्या, विटांचे तुकडे फेकले आणि एक विद्यार्थी पडताना दिसला. १९५२ च्या सरकारी कागदातही विटाच होत्या! संयुक्त राष्ट्रांच्या फेब्रुवारी २०२५ च्या अहवालाचा अंदाज आहे की १ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात १,४०० पर्यंत माणसे मारली गेली असावीत, आणि त्यांतली बहुतेक सुरक्षा दलांच्या गोळ्यांनी. जमावानेही पोलिसांना मारले, पोलीस खात्याने तो आकडा ४४ सांगितला. तीही कुणाची तरी लेकरेच. ५ ऑगस्टला हसीना देश सोडून गेल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने त्यांना गैरहजेरीत मृत्युदंड सुनावला. फाशीची शिक्षा आणि तीही आरोपी समोर नसताना, हे मला पटत नाही. पण हुकूम कुणी दिला हा प्रश्न वरपर्यंत पोहोचला, जो १९५२ मध्ये विचारलाच गेला नव्हता.

यातून मला एवढेच उमगले की स्मारकाला फुले वाहिल्याने बंदूक खाली येत नाही. हुतात्म्यांची नावे पाठ असणारे सरकारही गोळी झाडू शकते. उलट पुष्कळदा स्मारक उभे राहिले की हिशेब मिटला असे सगळ्यांना वाटते. हिशेब मिटवायचा तर कंटाळवाणे काम करावे लागते. किती गेले ते मोजायचे, प्रेत घरच्यांच्या स्वाधीन करायचे, चौकशी उघड्यावर करायची, आणि प्रश्न खालच्या शिपायापाशी न थांबवता हुकूम देणाऱ्यापर्यंत न्यायचे. गोळी झाडणारा शिपाईही बहुधा गरिबाघरचाच असतो. त्याच्या हातात बंदूक देऊन त्याला मुलांसमोर उभे कोण करतो, हे विचारल्याशिवाय त्यालाही न्याय मिळत नाही.

असो. विषय मोठा आहे आणि मी इतिहासाचा संशोधक नाही. येत्या एकुशेला मातृभाषा दिनाचा संदेश पाठवाल तेव्हा त्यात बरकत, रफीक, जब्बार, सलाम, शफीउर ही पाच नावेही लिहा. आणि घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला एवढे जरूर सांगा की यातला जब्बार सासूच्या औषधपाण्यासाठी ढाक्यात आला होता. गोळी कुणाचे ओळखपत्र बघत नाही. तुम्हाला काय वाटते ते अवश्य कळवा.